खिडक्यांची ऑर्डर देण्याआधी : सॅन फ्रान्सिस्को, ओकलँड आणि अलमेडातल्या जुन्या लाकडी घरांच्या मराठी मालकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

सॅन फ्रान्सिस्को, ओकलँड, अलमेडा या भागांत १८६० ते १८८५ च्या दरम्यान बांधलेलं लाकडी घर ज्यांनी घेतलं आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, अशा मराठी मंडळींना हे पत्र लिहीत आहोत. उंच आणि अरुंद घर, माथ्यावर जाड कॉर्निस, म्हणजे छताच्या कडेची पुढे आलेली नक्षीदार पट्टी, त्याखाली ब्रॅकेटांची, म्हणजे घोड्यांसारख्या कोरीव लाकडी ठोकळ्यांची रांग, खिडक्यांच्या डोक्यावर कमानी किंवा छोटी छपरं, कोपऱ्यांवर दगडाच्या चिऱ्यांसारखे दिसणारे लाकडी ठोकळे. या शैलीला इटालियनेट म्हणतात. असं घर ताब्यात आलं की खर्च बहुतेक एका ठरलेल्या क्रमानं होतो. आधी खिडक्या काढून व्हायनलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीच्या, दुहेरी काचेच्या बसवतात, मग भिंतींत इन्सुलेशन भरतात, मग रंग, मग स्वयंपाकघर. पाया आणि छताकडेची पन्हळ पैसे उरले तर. हा क्रम उलटा करा, आणि त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी करूच नका, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र.

पुण्याच्या लोकांनी ही शैली दगडात पाहिलेली आहे. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गणेशखिंडीतलं जुनं गव्हर्नमेंट हाउस. जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्यावरून १८६४ मध्ये तिचं काम सुरू झालं, आणि तिचा उंच मनोरा व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसच्या वळणाचा आहे. इटलीतल्या ग्रामीण हवेल्यांची ही ढब इंग्लंडमध्ये जॉन नॅश यांनी १८०२ च्या सुमारास श्रॉपशायरच्या क्रॉन्कहिल या घरात आणली. अमेरिकेत ती पसरली ती अँड्र्यू जॅक्सन डाऊनिंग यांच्या १८४२ आणि १८५० सालच्या नमुन्यांच्या पुस्तकांमुळे. कॅलिफोर्नियात पोचेपर्यंत तिचं साहित्यच बदललं. इथे किनाऱ्यालगतच्या रेडवुडच्या जंगलांतून येणारं लाकूड मुबलक होतं आणि वाफेवर चालणाऱ्या लाकूड गिरण्या होत्या. दगडात घडवायचे सगळे आकार गिरणीत लाकडातून कापले गेले. ब्रॅकेट, कमानी, कोपऱ्याचे चिरे तयार विकत मिळत. काही घरांच्या रंगात दगडाचा खरखरीतपणा यावा म्हणून वाळूसुद्धा मिसळत.

या घराची सगळी दुखणी इथूनच सुरू होतात. दगडाच्या कॉर्निसवर, कमानीच्या माथ्यावर, खिडकीखालच्या कडेवर पाणी थोडा वेळ थांबलं तर दगडाला त्याचं फारसं काही वाटत नाही. तोच आकार लाकडात आला की प्रत्येक आडवी कड पाणी साठण्याची जागा होते. दीडशे वर्षं ही घरं उभी आहेत ती दोन कारणांनी. जुन्या जंगलातल्या रेडवुडच्या गाभ्यात टॅनिन असल्यामुळे ते लवकर कुजत नाही, आणि भिंतीत शिरलेलं पाणी आतल्या पोकळीतल्या हवेनं वाळून जातं. सालीकडच्या फिकट लाकडाला ते संरक्षण नसतं, म्हणून एकाच फळीचा लाल भाग ठणठणीत आणि कडेचा पांढुरका भाग भुसभुशीत असं दिसतं. आज मिळणारं नव्या लागवडीचं रेडवुड भराभर वाढलेलं असतं आणि त्याच्या वाढीच्या कड्या विरळ असतात. तेव्हा जुनी फळी काढून नवी बसवली की घर सुधारलं असं समजू नका. बऱ्याचदा आधीपेक्षा कमी टिकाऊ लाकूड आत आलेलं असतं.

पहिलं काम, घराचं वय नक्की करा. सॅन फ्रान्सिस्कोत १९०६ च्या भूकंपात आणि आगीत बांधकाम परवान्यांचे जुने कागद जळाले, त्यामुळे मालमत्तेच्या कागदावर बांधणीचं साल म्हणून '१९००' दिसलं तर त्यावर विसंबू नका. पाणीपुरवठ्याची जुनी जोडणी नोंद आणि सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे पाहा. त्या नकाशांत लाकडी घर पिवळ्या रंगात आणि विटांचं गुलाबी रंगात दाखवलेलं असतं, आणि बे विंडोचा, म्हणजे भिंतीतून पुढे काढलेल्या खिडकीचा, आकारही कळतो. ढोबळ खूण अशी की, सपाट दर्शनी भिंत असेल तर घर १८६० ते १८७० च्या दशकांतलं, तिरप्या बाजूंची बे विंडो असेल तर १८७० च्या दशकातलं, आणि बे विंडो काटकोनात चौकोनी असेल तर ते बहुधा १८८० च्या दशकातलं, इटालियनेटनंतर आलेल्या स्टिक शैलीचं. सॅन फ्रान्सिस्कोत आग व्हॅन नेस अव्हेन्यूपाशी अडवली गेली, म्हणून त्याच्या पश्चिमेला ही घरं जास्त सापडतात.

काही करण्याआधी नीट राखलेली घरं डोळ्यांनी बघून घ्या. ओकलँडमध्ये ११ व्या रस्त्यावर पार्डी होम आहे, १८६८-६९ मध्ये बांधलेलं. महापौर इनॉक पार्डी यांचं हे घर, आणि त्यांचे चिरंजीव जॉर्ज पार्डी १९०३ ते १९०७ या काळात कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. लेक मेरिटच्या काठावर १८७६ चं कॅमरॉन-स्टॅनफर्ड हाउस आहे. १९१० ते १९६७ तिथे शहराचं संग्रहालय होतं. प्रिझर्व्हेशन पार्कमध्ये १६ जुनी घरं एका जागी बघता येतात, त्यातली ११ आय-९८० हा महामार्ग बांधताना वाटेत आली म्हणून उचलून आणलेली. मार्टिनेझला जॉन म्यूर यांचं १८८२ चं घर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. तिथल्या बैठकीतली मोठी विटांची शेगडी मूळची नाही. १९०६ च्या भूकंपात जुनीचं नुकसान झालं म्हणून ती नव्यानं बांधली. तुमच्या घरात विटांचं धुराडं असेल तर त्याच्याकडे याच नजरेनं पाहा. छतावरचा सुटा, सळई नसलेला विटांचा भाग आधी उतरवून घ्या.

आता पाणी. घेतल्यावर पहिला पावसाळा, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, घर नुसतं बघा. जोरात पाऊस चालू असताना माळ्यावर बॅटरी घेऊन चढा. या घरांची दर्शनी भिंत बहुधा छतापेक्षा उंच उठवलेली असते, आणि तिच्या पाठीमागे एक लपलेली पत्र्याची पन्हळ असते. रस्त्यावरून ती दिसत नाही, म्हणून तीस-तीस वर्षं कोणी साफ करत नाही. पानं साचतात, पत्रा गंजतो, सांध्याचा डाग (सोल्डर) उखडतो, आणि पाणी बाहेर न सांडता कॉर्निसच्या पोकळीत उतरतं. ब्रॅकेट आतून कुजतात. बाहेरचा रंग शाबूत असतो. मग एखाद दिवशी पंधरा-वीस पौंडांचा ठोकळा फूटपाथवर पडतो. बहुतेक ब्रॅकेट नुसत्या खिळ्यांवर टांगलेले असतात, आणि रेडवुडमधल्या टॅनिनमुळे साधे लोखंडी खिळे काळे पडून झिजतात. परत बसवताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. इतरत्र खिळे लागले तर ते गरम जस्तात बुडवलेलेच हवेत.

पन्हळीचा पत्रा बदलताना कॉर्निसच्या माथ्यावरही पत्र्याचं टोपण घाला. मागची कड भिंतीच्या फळीखाली सरकवायची आणि पुढची कड अर्धा ते पाऊण इंच बाहेर काढून खाली दुमडायची, म्हणजे थेंब लाकडावर न ओघळता सुटून पडतो. खिडक्यांवरच्या कमानींनाही हेच. वरचा सांधा सिलिकॉननं भरून मोकळं होऊ नका. सिलिकॉन वर्ष-दोन वर्षांत एका बाजूनं सुटतं, आणि मग ते पाणी आत घेतं पण बाहेर जाऊ देत नाही. कडेच्या खालच्या अंगाला जुन्या सुतारांनी पाणी तोडणारी खाच पाडलेली असते. रंगारी ती पुट्टीनं बुजवतात. ती मोकळी करा.

कुजलेला भाग ओळखायला टोच्या पुरतो. तो सहज पाव इंचापेक्षा खोल गेला तर ती जागा कापावी लागेल. कुजलेलं सगळं काढून निरोगी लाकडापर्यंत जा, तिरपा सांधा असा काढा की पाणी बाहेरच्या बाजूला उतरेल, आणि जुन्याच रेडवुडचं ठिगळ त्याच दिशेच्या रेषांनी इपॉक्सीत बसवा. नुसतं इपॉक्सी भरणं छोट्या खड्ड्यालाच ठीक. बसवण्याआधी तुकड्याच्या सहाही बाजूंना, विशेषतः आडव्या कापलेल्या टोकांना, ऑइल प्रायमर मारलाच पाहिजे. लाकूड पाणी पितं ते टोकांतून. आर्द्रतामापक २० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर गळती अजून चालू आहे. १५ च्या खाली येईपर्यंत रंग लावू नका.

याच कारणासाठी भिंतींत इन्सुलेशन भरू नका. या घरांत बाहेरच्या आडव्या फळ्या बहुधा थेट स्टडवर, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडी दांड्यांवर, ठोकलेल्या असतात. मागे प्लायवुड नाही, कागद नाही. फळ्यांच्या फटींतून थोडं पाणी आत येतं हे गृहीतच आहे, ते पोकळीत वाळतं. पोकळी सेल्युलोजनं, म्हणजे कागदाच्या तंतूंच्या इन्सुलेशननं, ठासून भरली की ते पाणी धरून ठेवणारा स्पंज तयार होतो. दोन-तीन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात आणि मालक रंगाऱ्याला दोष देतो. उष्णता सगळ्यात जास्त माळ्यातून जाते. तिथे आणि तळमजल्याच्या जमिनीखाली इन्सुलेशन घाला, मात्र आधी इलेक्ट्रिशियनकडून जुनं नॉब-अँड-ट्यूब वायरिंग तपासून घ्या. चिनीमातीच्या गुटक्यांवरून गेलेल्या त्या तारा हवेनं थंड राहतात. त्यांच्यावर इन्सुलेशन पसरलं तर त्या तापतात. आणि या घरांचे स्टड बहुतेक वेळा तळापासून छतापर्यंत अखंड असतात, त्यामुळे मधली पोकळी म्हणजे आगीला मिळालेलं धुराडं. कधी भिंत उघडायची वेळ आली तर प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आडवे लाकडी ठोकळे मारून घ्या. त्यासाठी मुद्दाम भिंत फोडू नका.

पायाबद्दल थोडक्यात, कारण इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला पर्याय नाही. जुना पाया विटांचा आणि चुन्याचा असेल तर त्याला बोल्ट मारून भागत नाही, तो बदलावा किंवा त्याला काँक्रीटची साथ द्यावी लागते. पाया काँक्रीटचा असेल तर दोन गोष्टी बघा. पायावर आडवी निजलेली तुळई, म्हणजे मडसिल, बोल्टनं बांधलेली आहे का? आणि जमिनीखालच्या पोकळीतल्या बुटक्या भिंतींना प्लायवुड आहे का? १९०६ सारख्या हादऱ्यात घर वरून मोडत नाही, त्याचे गुडघे या बुटक्या भिंतींत वळतात. दुमजली घराला साधारण दर ४ फुटांना एक बोल्ट, त्यावर ३ इंची चौकोनी जाड वॉशर, भिंतीला १५/३२ इंची प्लायवुड, कडेनं दर ४ इंचांना आणि मधे दर १२ इंचांना अडीच इंची खिळे, हा नेहमीचा हिशोब. हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक दोन स्टडच्या मधल्या भागात वर एक आणि खाली एक अशी २ ते ३ इंच व्यासाची भोकं. ती नसतील तर आत ओल कोंडते आणि मजबुतीसाठी लावलेलं प्लायवुडच मागचं लाकूड कुजवतं. माती आणि लाकूड यांत निदान ६ इंच अंतर ठेवा. वाळवी त्याच वाटेनं येते. कीड तपासणीच्या अहवालात 'सेक्शन २' मध्ये लिहिलेल्या गोष्टी मालक सोडून देतात, कारण तिथे आज कीड नसते. उद्या ती जिथून येणार ती जागा त्यातच लिहिलेली असते.

आणि आता खिडक्या, ज्यांच्यासाठी पत्राचं नाव तसं ठेवलं.

वर-खाली सरकणारी दोन तावदानं, चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या पोकळीत लोंबणारी ओतीव लोखंडाची वजनं, कप्पीवरून गेलेला दोर. यातला प्रत्येक भाग सुटा होतो आणि दुरुस्त होतो. व्हायनलच्या खिडकीत काचांमधली सीलबंद हवा निसटली की आत धुकं धरतं, आणि तेव्हा पूर्ण तावदान बदलण्याशिवाय इलाज नाही. 'खिडकी उघडत नाही' ही तक्रार दहातल्या आठ वेळा रंगाच्या थरांची असते. वरचं तावदान तर रंगानं कायमचं चिकटलेलं असतं. ते मोकळं केलं की या उंच खोल्यांची मूळची हवेची सोय परत मिळते. वरून थोडं आणि खालून थोडं उघडलं की गरम हवा वरून निघून जाते.

दुरुस्तीचा क्रम असा. आतल्या बाजूची पट्टी आणि चौकट यांमधली रंगाची रेघ धारदार सुरीनं कापा, पट्टी पातळ पहारीनं मधल्या खिळ्यापासून सोडवा. खालचं तावदान आत ओढून घ्या, दोराची गाठ सोडा. मग दोन तावदानांमधली बारीक उभी पट्टी काढा. ती बहुधा मोडतेच, नवी अर्धा बाय पाऊण इंचाची सहज मिळते. वरचं तावदान बाहेर येतं. चौकटीच्या बाजूला खाली एक छोटं झाकण असतं, अनेकदा रंगाखाली बुजलेलं. त्यातून वजनं निघतात. दोर पाव इंची, विणीचा सुती घ्या. नायलॉन ताणतो. खालचं तावदान पूर्ण वर नेल्यावर वजन तळापासून ३ इंच वर लोंबलं पाहिजे, इतकी दोराची लांबी ठेवा. काच बदलली असेल तर तावदान वजनकाट्यावर ठेवून बघा. खालच्या तावदानाची दोन वजनं मिळून त्याच्यापेक्षा पौंडभर हलकी आणि वरच्याची पौंडभर जड हवीत, म्हणजे खालचं खाली बसून राहतं आणि वरचं वर.

जुनी पुट्टी वाफेनं मऊ करून काढा. जुनी काच हलक्या लाटांची असते, तशी पुन्हा सहज मिळत नाही, म्हणून घाई करू नका. काचेच्या खाचेला आधी ऑइल प्रायमर मारा. कोरडं लाकूड पुट्टीतलं जवसाचं तेल शोषून घेतं आणि पुट्टी वर्षभरात तडकते. पुट्टीवर साय धरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्याआधी रंग नको. रंग काचेवर १/१६ इंच चढवा म्हणजे पाणी पुट्टीच्या मागे जात नाही. तावदानाच्या सरकणाऱ्या कडांना रंग लावू नका, मेण घासा. बाजूंना आणि दोन तावदानं मिळतात तिथे पितळी स्प्रिंगची पट्टी बसवा आणि आतून जोडखिडकी, म्हणजे काचेची दुसरी जादा खिडकी, लावा. गारवा आणि आवाज दोन्ही बरेच कमी होतात.

शिवाय सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यावरून दिसणाऱ्या खिडक्या बदलण्याबाबत नियोजन विभागाचे नियम आहेत. जुन्या घराला व्हायनल बसवून मग तक्रार झाली की ते स्वखर्चानं काढायची वेळ येते. ऑर्डर आधीच दिली असेल तर कॅलिफोर्नियात घरी सही केलेला गृहसुधारणेचा करार बहुतेक वेळा ३ कामकाजी दिवसांत रद्द करता येतो, ६५ वर्षांवरच्यांना ५ दिवस मिळतात. कामाआधीची उचल कराराच्या १० टक्के किंवा १००० डॉलर यांतल्या कमी रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही. जास्त मागणाऱ्याशी पुढे बोलू नका.

रंगाचं एकच सांगतो, पण ते टाळता येणार नाही. १९७८ आधीच्या घरात शिशाचा रंग आहे असंच समजा. पैसे घेऊन काम करणारा कंत्राटदार घराच्या आत एका खोलीत ६ चौरस फुटांपेक्षा जास्त किंवा बाहेर २० चौरस फुटांपेक्षा जास्त रंग खरवडणार असेल, तर त्याच्याकडे ईपीएचं, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेचं, प्रमाणपत्र लागतं. ते मागून बघा. उघडी ज्योत, वाळूचा मारा, प्रेशर वॉशर यांतलं काहीही दिसलं तर काम थांबवा. लहान मुलं त्या धुळीत रांगतात, आणि अंगणातल्या मातीत ती वर्षानुवर्षं राहते. रंग कुठला द्यायचा हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे. मूळच्या छटा मात्र बहुतेक दगडासारख्या फिक्या आणि मातकट होत्या.

पैशाची थोडी सोय आहे. १९७२ च्या मिल्स कायद्याखाली ऐतिहासिक म्हणून नोंद झालेल्या घराच्या मालकाला शहराशी निदान १० वर्षांचा करार करून मालमत्ता कर कमी करून घेता येतो. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलँड दोन्हीकडे ही योजना आहे. बोल्ट आणि प्लायवुडच्या कामाला पात्र घरांसाठी 'अर्थक्वेक ब्रेस अँड बोल्ट' योजनेतून ३००० डॉलरपर्यंत मदत मिळते. अर्ज मंजूर होण्याआधी काम सुरू केलंत तर ती मिळणार नाही. नोंद झालेल्या घरांना राज्याची ऐतिहासिक इमारतींसाठीची वेगळी बांधकाम संहिताही लागू होते, त्यामुळे जिन्याचा कठडा किंवा दाराची रुंदी 'आजच्या नियमात बसत नाही' म्हणून तोडायला कोणी सांगितलं तर आधी ती संहिता दाखवा.

काम सुरू झाल्यावर काढलेला एकही तुकडा कचऱ्याच्या कंटेनरमध्ये जाऊ देऊ नका. प्रत्येकावर खडूनं नंबर घाला, त्याच नंबरचा फोटो काढा, आणि ढीग कोरड्या जागी जमिनीपासून वर ठेवा. मोल्डिंगचा ६ इंचांचा धड तुकडा हाती असला तरी गिरणी त्यावरून पातं घासून हवे तितके फूट काढून देते. तो तुकडाच नसेल तर सुताराला शेजारच्या घरावर शिडी लावून माप घ्यावं लागतं, आणि शेजाऱ्यानं तोवर त्याच्या घराला व्हायनल लावलेलं असतं.

आपले,
जुन्या लाकडी घरांच्या दुरुस्तीचं काम करणारी बे एरियातली मराठी मंडळी